दहा म्हणजे दहा

ऑफिसात ज्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नाही आणि ज्यांची आठवण फक्त बोंबाबोंब झाल्यावरच होते, अशी माणसं दोनच. एक पाण्याचा पंप लावणारा आणि दुसरा मेलचा सर्व्हर सांभाळणारा. बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे बनवणाऱ्या त्या कारखान्यात पंप आपोआप लागायचा. त्यामुळे बोलणी खायला उरल्या एकट्या टपालबाई.

टपालबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पण अकरा वर्षांत ते इतकं चिकटलं होतं की घरचा फोन वाजला तर सासूबाईसुद्धा "टपालबाई बाहेर गेल्यात" म्हणून सांगायच्या. वय शेहेचाळीस, चष्मा दोरीने गळ्यात, आणि अंगात बाराही महिने स्वेटर. कारण जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत सर्व्हरसाठी गारवा ठेवावा लागे, आणि सर्व्हरला सर्दी होत नाही, माणसाला होते. उन्हाळ्यात मात्र अर्धं ऑफिस काही ना काही निमित्त काढून तिथे टेकायचं. "बाई, माझा पासवर्ड जरा बघता का?" बाई वर न बघता म्हणायच्या, "पासवर्डला काही झालेलं नाही. पाच मिनिटं बसा, गार व्हा आणि चालू लागा."

सर्व्हरने कसं वागायचं हे ज्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, ती सेटिंगची फाईल बाईंनी लहानाची मोठी केली होती. दोन हजार तीनशे ओळी! सर्व्हर वाचत नाही अशा, माणसांसाठी लिहिलेल्या टिपाही त्यात होत्या. "या ओळीला हात लावू नये. का ते आठवत नाही, पण लावू नये." "खालचं सगळं विक्री विभागाच्या हट्टापायी. माझं मत वेगळं होतं." आणि सगळ्यात वर, पहिल्याच दिवशी लिहिलेली: "पत्र कुणाचंही असो, पोचलं पाहिजे. कुणाचंही असो, उघडायचं नाही." बाईंना देवाधर्माचं फारसं नव्हतं. पण ही ओळ त्या मानायच्या.

तर झालं काय, त्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. सोबत चौसष्ट पानांचं माहितीपत्रक, आणि सेटिंगमध्ये नव्या सोयी किती, तर एक्केचाळीस. बाईंनी ते छापून घरी नेलं आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन वाचायला बसल्या. एकोणिसाव्या पानावर सासूबाईंनी आतून विचारलं, "एवढं काय वाचतेस गं?"

"नवीन सोयी आल्यात, आई."

"घरातला गिझर आठवडाभर बंद आहे आणि हिला नवीन सोयी!"

मग बाई उठल्या, गिझरवाल्याला फोन लावला, त्याच्याशी यथेच्छ भांडल्या आणि परत येऊन बसल्या त्या थेट एकविसाव्या पानावर. विसावं पान तसंच राहिलं. त्या पानावर तळाला बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: यापुढे वेळेचा आकडा लिहिताना मिनिटं, तास की दिवस तेही लिहावं, नुसता आकडा लिहिल्यास तो दिवसांचा समजला जाईल. जुन्या आवृत्तीत नुसता आकडा म्हणजे मिनिटं. अकरा वर्षं बाईंनी नुसता आकडाच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्या यादी घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे कारखान्याच्या मालकांचे चिरंजीव, वय अडतीस. माणूस मनाने वाईट नाही, पण राग नाकाच्या शेंड्यावर. राग आला की ते आधी मेल लिहीत आणि मग विचार करीत. अकरा मिनिटांत राग उतरायचा, पण तोवर मेल गेलेला असायचा. मग माफीचा मेल. ऑफिसात प्रत्येकाकडे त्या दोन मेलांच्या जोड्या साठल्या होत्या.

साहेबांना यादीतल्या दोनच सोयी आवडल्या. पहिली, परत घेण्याची. माणसाने मेल पाठवला तरी सर्व्हर तो थोडा वेळ धरून ठेवणार, आणि तेवढ्या वेळात "परत घ्या" हे बटण दाबलं की मेल परत. "वा! ही माझ्यासाठीच केलीय," साहेब म्हणाले. "दहा मिनिटं ठेवा."

"आणि दुसरी?"

"ही सतरावी. सगळ्यांच्या सगळ्या मेलची एक प्रत साहेबाला आपोआप येते, ती."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, सतरावी सोय पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "ही नाही बसवणार मी."

"उद्या बोलू," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, ऑफिसात झाडूवाल्याशिवाय कुणी नसताना, बाईंनी नवी आवृत्ती बसवली. आधी चाचणी घेतली. तिच्यासाठी "तीस सेकंद" असं लिहिलं, तीस सेकंदांनी मेल पोचला, बाई खूश. मग ती ओळ खोडून खरी ओळ लिहिली. मेल धरून ठेवण्याची मुदत: १०. नुसतं दहा. सवय ती सवय. नव्या आवृत्तीत फाईल आधी तपासून घेण्याचीही सोय होती. सर्व्हरने तपासली आणि "चूक नाही" असं कळवलं. बरोबरच आहे. माणसाला दहा दिवस पत्र दाबून ठेवायचं असेल तर विचारणारा सर्व्हर कोण? सर्व्हरवरून जाणाऱ्या सूचना खोळंबू नयेत म्हणून बाईंनी स्वतःचा पत्ता तेवढा या मुदतीतून वगळला होता. त्यामुळे रोजचा नऊचा त्यांचा तपासणीचा मेल नेहमीसारखा गेला आणि आला. "परत घ्या" बटण कुठे आहे हे सांगणारा मेलही सगळ्यांना पोचला. तो कुणीच उघडला नाही, कारण टपालबाईंचे मेल उघडायची त्या ऑफिसात पद्धत नव्हती.

सव्वानऊला साहेबांनी बोलावलं. "ती प्रतीची सोय चालू केलीत?"

"नाही केली."

"का?"

"दुसऱ्याचं पत्र उघडायचं नसतं, साहेब."

"पण ऑफिस माझं आहे!"

"ऑफिस तुमचं आहे. पत्रं त्यांची आहेत."

साहेबांचे कान लाल झाले. "ती बाहेरची कंपनी सहा महिने माझ्या मागे लागलीय, तुमचं सगळं मेल आमच्याकडे द्या म्हणून. ही सोय ते न मागता देतात!"

"मग घ्या त्यांच्याकडून," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. जिना उतरताना मात्र पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मेल बाहेर गेला की सर्व्हर जाणार, जिन्याखालची खोली जाणार, दोन हजार तीनशे ओळी जाणार. साहेबांनी मागेच म्हणून ठेवलं होतं, तसं झालंच तर बाईंना स्टोअरमध्ये जागा आहे. स्टोअरमध्ये तक्रारराव होते. गेल्या अकरा वर्षांत तक्रारराव नावाला जागले नाहीत असा एक दिवस गेला नव्हता. मेल उशिरा येतो, मेल लवकर येतो, मेलमधली अक्षरं बारीक आहेत, सगळ्याची तक्रार. त्यांच्या हाताखाली बसून खिळे मोजायचे, या कल्पनेनेच बाईंना स्वेटरात कापरं भरलं. 'जिभेला हाड नाही माझ्या,' त्या स्वतःला म्हणाल्या.

आणि मग तो दिवस सुरू झाला.

बाहेरून येणारे मेल येत होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ऑफिसातून निघालेला एकही मेल मात्र कुठेच पोचत नव्हता. आता तुम्ही म्हणाल, तासाभरात बोंब व्हायला हवी होती. अहो, झाली असती, जर त्या ऑफिसात लोक खरं बोलत असते तर! विक्रीवाल्या मॅडमनी नकाशेवाल्याला विचारलं, "मेल बघितलात माझा?" नकाशेवाल्याला वाटलं, आपल्या नजरेतून सुटला. "हो हो, बघितला ना. त्याच्यावरच काम चालू आहे." नकाशेवाल्याने गोदामात विचारलं, "माझा मेल मिळाला?" गोदामवाला म्हणाला, "मिळाला म्हणजे काय, लगेच वाचला." सगळ्या मजल्यांवर हेच. ऐंशी माणसं एकमेकांना "बघितला" म्हणत होती आणि दुसरं मिनिट न दवडता "पण तरी तोंडी सांगा ना एकदा" असंही म्हणत होती.

तोंडी सांगायचं म्हणजे उठून जावं लागतं. माणसं उठली. मॅडम आणि नकाशेवाला एका बिजागरीला भोकं तीन हवीत की चार यावर सात महिने मेलने भांडत होते. त्या दिवशी मॅडम हातात बिजागरीच घेऊन त्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. नकाशेवाल्याने ती उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, "अहो, तीनच म्हणतोय मी!" मॅडम म्हणाल्या, "मग मी काय म्हणतेय?" दोघं चहाला गेली.

साहेबांचं तर विचारूच नका. त्यांनी साडेनऊला साऱ्या ऑफिसला शिस्तीचे अकरा मुद्दे पाठवले होते. दुपारपर्यंत एकाचंही उत्तर येईना, केबिनमध्ये शांतता, म्हणून ते स्वतःच बाहेर पडले. "माझे मुद्दे वाचलेत?"

"वाचले साहेब. विशेषतः चौथा."

"चौथा आवडला?"

"डोळ्यांत अंजन घातलंत."

पुढच्या टेबलावरही चौथा. त्याच्या पुढेही चौथा, कारण पहिल्याचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं होतं. साहेब हरखून गेले. लोकांबरोबर बसून चहा प्यायले. कुणाची मुलगी पोहायला शिकतेय, कुणाचा भाऊ परगावाहून आलाय, असलं कधी कानावर न आलेलं काय काय त्यांनी ऐकलं.

तीन वाजता ते जिन्याखालच्या खोलीत आले. येताना चौकटीवर डोकं आपटलं, ते नेहमीच आपटायचं, आणि तरी ते चिडले नाहीत. बाई उभ्या राहिल्या.

"बाई, नवी आवृत्ती, आणि आज एकही तक्रार नाही. कमाल आहे तुमची." मग कपाळ चोळत ते जरा घुटमळले. "ते एक विचारायचं होतं. परत घ्यायची जी सोय आहे... दहा मिनिटांनंतर काहीच नाही का करता येत?"

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. "एक सेकंदही नाही, साहेब. दहा म्हणजे दहा."

"हं," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "सकाळी मी जरा घाईच केली, बाई." आणि निघून गेले. जाताना पुन्हा डोकं आपटलं.

बाई खुर्चीत बसल्या. घाई कसली केली? आणि एकही तक्रार नाही म्हणजे काय? अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. सर्व्हर उत्तम चालला तरी दिवसाला आठ तक्रारी ठरलेल्या. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्या उठल्या आणि तडक स्टोअरमध्ये गेल्या.

तक्रारराव खिळ्यांच्या खोक्यांमागे बसले होते. त्यांनी बाईंना बघितलं आणि हात जोडले. "या! शेवटी लाज वाटली म्हणायची! सकाळपासून पाच तक्रारी पाठवल्यात."

"पाच?"

"पाच. पाचवीत लिहिलंय की आधीच्या चार वाचा."

बाई परतल्या त्या पळतच. थांबवून ठेवलेल्या मेलांची रांग उघडली. एकूण मेल: अकराशे शेहेचाळीस. पहिला सुटण्यास शिल्लक: नऊ दिवस, सतरा तास. बाईंनी विसावं पान काढलं, तळाच्या दोन ओळी वाचल्या आणि कपाळावर हात मारला. "गिझर!" त्या एवढंच म्हणाल्या.

दुरुस्ती अवघड नव्हती. आकड्यापुढे "मिनिटं" लिहायचं, सर्व्हरला फाईल पुन्हा वाचायला सांगायची. झालं. दहा मिनिटांच्या वरचे सगळे मेल त्याच क्षणी सुटले असते. बाईंचं बोट कळीवर गेलं होतं. तेवढ्यात रांगेतल्या वरच्या एका ओळीवर नजर पडली. पाठवणारे: साहेब. वेळ: नऊ पस्तीस. पत्ता: बाहेरच्या कंपनीचा. विषय: "प्रस्ताव मान्य, पहिल्या तारखेपासून आमचं मेल तुमच्याकडे."

बोट मागे आलं.

म्हणजे घाई ही होती. हा मेल सुटला की टपालबाई संपल्या. आणि तो इथे पडला होता, त्यांच्या हाताखाली, त्यांच्याच चुकीमुळे. एक ओळ खोडली की मेल नाहीसा. साहेबांना स्वतःलाच तो परत हवा होता, ते मघाशी तोंडाने सांगून गेले होते. कुणाचं काय बिघडलं असतं? बाकीचे मेल सोडायचे, सकाळी जरा रांग तुंबली होती म्हणायचं, संपलं. चूकही झाकली जाणार आणि खोलीही वाचणार. उलट खरं सांगायला गेलं तर? ऐन कामाच्या दिवशी अख्ख्या कारखान्याचा मेल आठ तास बुडवला म्हणून सांगायचं, आणि तेही त्या रागीट माणसाला, आणि तो मेल अजून त्याच्याच हातात असताना!

फोन वाजला. सासूबाई. "गिझरवाला आला नाही."

बाईंनी एकदम विचारलं, "आई, कुणाचं पत्र आपल्या हातात आलं, आणि ते पोचलं तर आपलंच वाटोळं होणार असेल, तर काय करायचं?"

"फाडायचं," सासूबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "मी फाडलं होतं. तुझ्याच मामाचं."

"माझ्या मामाचं?"

"तुझं लग्न ठरत होतं तेव्हा त्याने ह्यांच्या नावे पत्र धाडलं होतं. 'मुलगी फटकळ आहे' असं. मला तर तू आवडली होतीस. हे असले संशयी, लगेच मोडून बसले असते. मी आल्या पावली फाडलं आणि चुलीत घातलं."

बाईंना हसावं की रडावं कळेना. बावीस वर्षांचा संसार एका फाडलेल्या पत्रावर उभा होता! "आणि पुढे काय लिहिलं होतं त्यात?"

"पुढचं कोण वाचत बसतं!"

"म्हणून मामा लग्नाला आला नाही?"

"आता तो का आला नाही, मला काय ठाऊक? पत्राला उत्तर नाही म्हणून रुसला असेल. मरेपर्यंत पाऊल टाकलं नाही हो त्याने आपल्याकडे." सासूबाईंचा आवाज जरा खाली आला. "पुढचं वाचायला हवं होतं बहुतेक."

बाईंनी फोन ठेवला. मामाने त्यांना सायकल शिकवली होती. फटकळ म्हणायचा, पण शेवटी "मनाची सरळ आहे" हेही म्हणायचाच, प्रत्येक वेळी, त्याची ती बोलायची रीतच होती. पत्रातही पुढे तेच असणार. बावीस वर्षं त्या मामावर रागावल्या होत्या. आता तो राग कुठे नेऊन ठेवायचा? त्यांनी पदराने चष्मा पुसला, विसावं पान हातात घेतलं आणि जिना चढल्या.

"साहेब, चूक झालीय," त्यांनी दारातूनच सांगितलं. "मुदत दहा मिनिटांऐवजी दहा दिवस पडली. सकाळपासून कुणाचाही मेल पोचलेला नाही. अकराशे शेहेचाळीस अडकलेत."

साहेब हसले. "काहीतरीच काय! माझे मुद्दे पोचले की. चौथा सगळ्यांना आवडला."

"चौथा कुणीही वाचलेला नाही, साहेब."

साहेबांच्या चेहऱ्यावरून हसू हळूहळू उतरलं. कान लाल झाले. मग मान. "म्हणजे दिवसभर... तो अंजन म्हणणारा... सगळे?"

"सगळे."

आणि स्फोट झाला. बेजबाबदारपणा, कारखान्याची अब्रू, बाहेरची मोठी ऑर्डर, अकरा वर्षांचा अनुभव काय चाटायचा आहे का, सगळं निघालं. बाई उभ्या होत्या आणि साहेबांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. सहाव्या मिनिटाला त्यांनी मध्येच सांगितलं, "तुमचाही एक मेल अडकलाय. बाहेरच्या कंपनीला. तो अजून गेलेला नाही." साहेब दोन मिनिटं आणखी ओरडले, पण आवाजात जोर राहिला नव्हता. नवव्या मिनिटाला त्यांनी पाणी मागितलं.

बाईंनी त्यांच्या संगणकावर तो मेल काढून दिला. शेजारी "परत घ्या" हे बटण सकाळपासून तसंच होतं. साहेबांनी ते पहिल्यांदाच बघितलं.

"तुम्ही वाचलात हा?"

"पत्ता आणि विषय. तेवढं पोस्टमनलाही दिसतं."

"पुसून टाकला असतात तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग?"

"मग उद्या तुम्ही विचारलं असतं, पोचला का, आणि मी हो म्हणाले असते." बाईंची जीभ शेवटी फटकळच. "तुम्हाला हो म्हणणारी ऐंशी माणसं आज आहेत, साहेब. एक्क्याऐंशीवी कशाला? मेल तुमचा आहे. सोडा म्हणालात तर आत्ता सोडते."

साहेबांचा माऊस धरलेला हात एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे. मग टिक असा बारीकसा आवाज झाला आणि ती ओळ यादीतून गेली.

"बाकीचे सोडा," साहेब म्हणाले.

पाचला दहा कमी असताना बाईंनी अकराशे पंचेचाळीस मेल सोडले. साऱ्या इमारतीतले संगणक आणि फोन एकदम किणकिणायला लागले, आणि मग सगळे मजले चिडीचूप झाले. ऐंशी माणसं, सकाळपासून जे आपण वाचलंय म्हणून सांगितलं होतं ते, घाईघाईने वाचत होती. नकाशेवाल्याने मॅडमचा सकाळचा मेल उघडला. त्यात त्याच्याविषयी जे होतं ते वाचून तो त्यांच्या टेबलाकडे निघाला, तर मॅडम त्याचा वाचून समोरून येत होत्या. चौथा मुद्दा असा होता की साहेबांना खोटी स्तुती खपणार नाही.

बाईंच्या स्वतःच्या पेटीत बेचाळीस तक्रारी पडल्या. त्या त्यांनी एकेक करून वाचल्या. तक्राररावांची पाचवी आली, तिच्यात खरंच आधीच्या चार वाचा असं लिहिलं होतं. बाईंना एवढं बरं वाटलं की त्यांनी तिला "मिळाली, आभारी आहे" असं उत्तर पाठवलं.

घरी निघायच्या वेळी दाराच्या चौकटीवर डोकं आपटल्याचा आवाज आला. साहेब स्वतः आले होते, मेल न करता.

"ती प्रतीची सोय राहू द्या," ते कपाळ चोळत म्हणाले. "लोक माझ्याबद्दल काय लिहितात ते वाचलं, तर मला रोजच पाणी प्यावं लागेल."

"बरं."

"आणि सगळ्यांची मुदत दहा मिनिटंच ठेवा." ते जायला वळले आणि पुन्हा थांबले. त्यांच्या कानांना लाली चढली, पण ती रागाची नव्हती. "बाई, नव्या सोयीत एकाच माणसाची मुदत वेगळी ठेवता येते का?"

"येते. तेविसावी सोय. कुणाची ठेवायची?"

"माझी. माझे दहा दिवसच असू द्या."

बाईंनी चष्मा चढवला, फाईल उघडली आणि अगदी खाली, साहेबांच्या पत्त्यापुढे, दहा लिहिलं. पुढे "दिवस" हा शब्द पूर्ण लिहिला. तो दोनदा वाचला. मग त्याच्याखाली माणसांसाठी एक टीप लिहिली, "या ओळीला हात लावू नये. का ते आठवतं," आणि दिवा मालवून गिझरवाल्याच्या दुकानाकडे निघाल्या.